कोणते नेआपोलिस?

मी एक जुनी काठी आहे. तुम्ही म्हणाल, काठीने काय सांगायचे? पण मित्रांनो, मी गुरे हाकणारी काठी नाही, की म्हाताऱ्याने टेकत चालायची काठी नाही. मी काशाची आहे आणि दूताच्या हातातली आहे. माझ्या माथ्यावर दोन साप एकमेकांना वेढा घालून समोरासमोर पाहत उभे आहेत. त्यातल्या डाव्या सापाचा डोळा उजव्यापेक्षा मोठा झाला आहे, त्यामुळे तो कायम नवल वाटल्यासारखा दिसतो.

आमच्या मुलखात वस्तूंना बोलायची सवय असते. प्याल्यावर लिहिलेले असते, ‘मी नान्नोचा प्याला, पिऊन झाले की जागेवर ठेव.’ थडग्याचा दगड रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून थांबवतो. माझ्याही अंगावर वरपासून खालपर्यंत एक ओळ कोरलेली आहे: ‘मी नेआपोलिसच्या लोकांची आहे.’ तेव्हा मी माझे आत्मवृत्त सांगते आहे यात नवे काही नाही. पूर्वी ते एका ओळीचे होते, आज जरा लांबवते, इतकेच.

माझ्याआधी गावाची काठी जैतुनाच्या लाकडाची होती. तिला आतून कीड लागली आणि एका तहाच्या बोलणीत, ऐन मोक्याला, तिचा तुकडा पडला. समोरचे लोक पोट धरून हसले. तेव्हा ग्लाउकिआस ओतारी सभेत उभा राहिला आणि म्हणाला, “मी काशाची करून देतो. मजुरी नको. कांसं तेवढं तुम्ही आणा.”

मग घराघरातून कांसे निघाले. कोळ्यांनी बोथट गळ दिले. कुणी पळीचा दांडा दिला, कुणी बाळंतविड्यातली चिमुकली घंटा. एका विधवेने फुटक्या आरशाचा अर्धा भाग दिला आणि म्हणाली, “अर्ध्यात माझं अर्धंच तोंड दिसायचं. आता सगळं गाव बघू दे.” बायकांनी पिना दिल्या, बांगड्या दिल्या. जवाचे दळण दळताना त्या माझेच गाणे गात:

माझ्या गावच्या काठीला दोन नागांची राखण,
त्यात वितळलं बाई माझ्या हातीचं कांकण.

पहिल्यांदा ओतले तेव्हा मी मधोमध तडकले. दुसऱ्यांदा नीट उतरले, पण तो एक डोळा मोठा झाला. ग्लाउकिआस तो घासून काढणार होता. त्याची आई भट्टीशेजारी बसली होती, ती म्हणाली, “असू दे रे. समोरच्यानं काही भलतं बोललं तर एकानं तरी डोळे वटारावे.” म्हणून तो डोळा राहिला.

आता गावाच्या नावाचे सांगते, कारण पुढचे सगळे त्या नावामुळेच घडले.

नेआपोलिस म्हणजे नवे गाव. आमचे लोक नावाड्यांच्या जातीचे. एका ठिकाणी दाटी झाली की चार गलबते काढायची, एखादी खाडी शोधायची, देवाला बोकड कापायचा आणि तिथे घरे बांधायची. नाव काय ठेवायचे, यावर फार डोके चालवत नाहीत. नवे गाव, म्हणून नेआपोलिस. असे करत करत सगळा समुद्रकिनारा नेआपोलिसांनी भरून गेला. आमचे गाव दोनशे वर्षांचे जुने, तटाच्या भेगांतून अंजिराची झाडे उगवलेली, तरी ते नवे ते नवेच.

तुमच्याकडे एका नावाची दोन गावे असली, की एकाला बुद्रुक म्हणतात आणि दुसऱ्याला खुर्द. आमच्याकडेही तशी सोय होती. ‘डोंगराखालचे’, ‘नदीमुखाचे’ असे काही नावाला जोडता येत असे. पण आमच्या सभेचे प्रमुख सोसिबियोस आजोबा त्याला शेपूट म्हणत. “शेपूट लावायचं तर त्यांनी लावावं,” ते ठणकावून सांगत, “आपण खरे नेआपोलिस. खऱ्याला शेपूट नसतं.” गंमत अशी, की प्रत्येक नेआपोलिसात एक सोसिबियोस आजोबा होते आणि ते हेच सांगत होते.

त्यामुळे काय काय झाले म्हणून सांगू! दुसऱ्याच नेआपोलिसाने मागवलेली कौले आमच्या धक्क्यावर उतरली. एकदा एक वैद्य आला, म्हणाला, “कुठाय तो पोटदुखीचा सावकार?” तसला कुणी सावकार आमच्याकडे नव्हता. पण आमच्याकडे पोटे होती आणि ती दुखतही होती. तो वैद्य अकरा वर्षे राहिला. एकदा एका नवरीची पेटी आली. तिच्यातली भरतकामाची चादर पाहून गावच्या बायका चार दिवस हळहळल्या, मग त्यांनी ती घडी घालून परत पाठवली. कुठे पाठवावी यावरच तीन दिवस वाद झाला होता. आम्ही हसत होतो. नावाच्या गोंधळात आजवर कुणाचे काही बिघडले नव्हते.

माझा पहिला दूत म्हातारा होऊन गेला आणि मग मी कल्लिफोनच्या हाती आले. उंच, वाकलेल्या खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. घरी त्याचे बोलणे कुणी पुरे होऊ देत नसे. बायको मेलिन्नो म्हणायची, “अहो, तेवढी काठी घ्या हातात, म्हणजे वाक्य तरी संपेल तुमचं!” आणि खरेच, मला धरले की त्याचा आवाज धक्क्यापासून बाजाराच्या टोकापर्यंत स्वच्छ जाई.

दूताचे नियम थोडे असतात, पण कडक असतात. मी हातात असेपर्यंत दूताला कुणी बोट लावायचे नाही. मी हातात असेपर्यंत दूताने खोटे बोलायचे नाही. त्याने फक्त ज्याने पाठवले त्याचे शब्द न्यायचे, पदरचा एकही घालायचा नाही. आणि बोलणी संपवून दूत आपल्या किनाऱ्याला पाय लावत नाही तोवर कुणी शस्त्र उचलायचे नाही. उचलले तर देवाचा कोप होतो, आणि खलाशी मंडळी देवाच्या कोपाला फार भितात.

मधे एक काळ असा गेला, की मला काही कामच उरले नाही. शेजाऱ्यांशी भांडण नाही, तह नाही. सभागृहाच्या कोपऱ्यात मी उभी असे. अंगणातल्या झाडावरची उंच अंजिरे पाडायला मला नेत. माझ्या सापांवर हिरवा थर चढला. मित्रांनो, कौतुक सरले की वस्तूला आपले वजन जाणवू लागते. पुढे हजारेक वर्षांनी मला याहून लांब विस्मरण सोसावे लागले. राजे बदलले, देव बदलले, गावाचे नावही बदलले आणि एका चर्चमध्ये माझ्या सापांच्या वेढ्यात दिवा अडकवून मला कितीतरी शतके टांगून ठेवले. दिव्याच्या काजळीने तो मोठा डोळासुद्धा मिटला. पण ते असो. आज मला पुसून काचेत ठेवले आहे, माझी काही तक्रार नाही. मला सांगायचे आहे ते त्या एका वर्षाचे.

त्या वसंतात गावाने समुद्रदेवाचा मोठा उत्सव करायचे ठरवले आणि निमंत्रणे द्यायला कल्लिफोनला पाठवले. मेलिन्नोने राख आणि शिर्का घेऊन मला घासघासून लख्ख केले. आम्ही गावोगाव गेलो. समुद्रातून तीन दिवसांच्या वाटेवर आणखी एक नेआपोलिस होते, तिथेही गेलो. तिथला दूत एरातोन. बुटका, गोल, बोलका. त्याच्या घरी मसुराचे कालवण आणि जवाची भाकर खाल्ली. त्याची पाच पोरे माझ्या सापांना बोटे लावून लावून पाहत होती.

आणि आम्ही निघालो त्या सकाळी एक प्रकार घडला. राजाचे सैनिक त्या गावी तळ द्यायला आले होते. गावाने वेस लावून घेतली. बाहेर नायक ओरडतो आहे, “राजाच्या नावानं दार उघडा!” आणि आतून लोक तटावर चढून त्याच्यावर अंजिराचे देठ फेकत आहेत. “राजाला सांगा, घर भरलंय! पाहुणे पुढच्या वर्षी!” हशा चालला होता. कल्लिफोन मात्र हसला नाही. त्याने मला छातीशी धरले आणि गलबतात बसला.

घरी येऊन त्याने ही हकिगत एकट्या मेलिन्नोला सांगितली. सभेला सांगितली नाही. ते शब्द न्यायला त्याला कुणी पाठवले नव्हते.

शरद सरत आला. कृत्तिका मावळायला दहा दिवस उरले होते. त्या मावळल्या की समुद्र बंद, मग वसंतापर्यंत कुणी नांगर उचलत नाही. अशा वेळी, एका सकाळी, खाडीच्या तोंडाशी तीस जहाजे उभी राहिली. राजाचे आरमार. एक होडी धक्क्याला आली आणि तिच्यातल्या माणसाने निरोप वाचला: ‘नेआपोलिसने राजाच्या सैनिकांना वेस लावली. नेआपोलिसचा तट पायापर्यंत पाडावा. दुपारपर्यंत वेस उघडी करा, नाहीतर आम्ही उघडू.’

मित्रांनो, तट म्हणजे आमच्या गावाचा जीव होता. डोंगरापलीकडचे धाडकरी दर हिवाळ्यात उतरत, तटाभोवती फिरत आणि परत जात. ज्या वर्षी तट नसेल, त्या वर्षी गाव नसेल, हे तान्ह्या पोराच्या आईलाही कळत होते.

सभेत एकच गलका झाला.

“पण आपण कुठं कुणाला वेस लावली? आपल्याकडे राजाचा माणूस जन्मात आला नाही!”

“दुसरं कुठलं तरी नेआपोलिस असणार!”

“मग तेच सांगू या. सांगा, की हे ते नव्हे.”

सोसिबियोस आजोबा आपली टेकायची काठी आपटत उठले. “कल्लिफोन, तू जाऊन सांग, की आम्हीच खरे नेआप...”

“अहो आजोबा!” ग्लाउकिआसची सून मागून ओरडली. “आजच्या दिवस तरी खरे होऊ नका!”

आजोबा खाली बसले. मग त्यांनीच शब्द ठरवून दिले: “सांग, आम्ही वेस लावली नाही. आणि विचार, राजाला कोणतं नेआपोलिस म्हणायचंय. एवढंच.”

कल्लिफोनने मला उचलले. त्याला उत्तर माहीत होते.

धक्क्यावर मेलिन्नो उभी होती. तिने त्याच्या झग्याची गाठ नीट केली आणि हळूच म्हणाली, “तुम्हाला ठाऊक आहे ना, कोणतं ते?”

“आहे.”

“सांगणार?”

“तू सांगशील?”

तिने तटाकडे पाहिले. मग म्हणाली, “चार पोरं म्हणालात ना त्या एरातोनला?”

“पाच.”

“मग नका सांगू.” तिने डोळे पुसले. “पण आपला तट पडला तर घरी येऊ नका. आलात तरी मी बोलणार नाही.”

दर्यासारंगाच्या मोठ्या जहाजावर आम्ही चढलो. सारंगाचे नाव गोर्गोस. पिकल्या दाढीचा, उन्हाने रापलेला, महिनाभर नीट न जेवलेला माणूस. शेजारी त्याचा कारकून फिलोन, मांडीवर आज्ञापत्र घेऊन बसलेला. खाली बाकांवर वल्हेकरी, उघड्या अंगाने, कान वर करून.

कल्लिफोनने गावाचे शब्द सांगितले, जसेच्या तसे.

“कोणतं म्हणजे?” गोर्गोस म्हणाला. “हे नेआपोलिस आहे की नाही?”

“आहे.”

“तर मग झालं.” त्याने माझ्याकडे बोट केले. “तुझी काठीच सांगतेय. वाच रे फिलोन.”

फिलोनने मान वाकडी करून वाचले, “‘मी नेआपोलिसच्या लोकांची आहे.’”

“बघ. तू गप्प बसलास तरी ती बोलते.”

मित्रांनो, मला ओतताना भट्टीत जेवढा चटका बसला नव्हता तेवढा त्या क्षणी बसला. ज्या एका ओळीचा मला जन्मभर अभिमान, तीच ओळ माझ्या गावावर साक्ष देत होती. तोंड असते तर मी मिटून घेतले असते. पण कोरलेले तोंड मिटत नाही.

“सारंग,” कल्लिफोन म्हणाला, “आज्ञापत्रात गावाची खूण काय दिलीय?”

फिलोनने वाचले, “‘समुद्राकाठचे, तट असलेले, मागे डोंगर असलेले नेआपोलिस.’”

“मी सात नेआपोलिसांत पाणी प्यालोय. सातांनाही समुद्र आहे, तट आहे आणि मागे डोंगर आहे.”

फिलोन कानामागे लेखणी खुपसत पुटपुटला, “पत्र लिहिणाऱ्यानं डोंगराचं नाव तरी टाकायचं.”

“तुला कुणी विचारलं?” गोर्गोस गरजला. मग कल्लिफोनकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “हे बघ दूता. तू गावोगाव फिरतोस. तुला माहीत असणार. वेस कुणी लावली? नाव सांग, मी नांगर उचलतो. तुझा एक दगड हलणार नाही.”

किनाऱ्यावर तटाच्या माथ्यावर सगळे गाव उभे दिसत होते. त्यात मेलिन्नोची पिवळी ओढणीही दिसत होती. एक शब्द, एवढेच हवे होते.

“सारंग, गावानं मला दोन वाक्यं दिली. ती मी सांगितली. तिसरं माझ्याकडे नाही.”

“म्हणजे माहीत आहे!”

“तिसरं माझ्याकडे नाही.”

“मग ठेव ती काठी खाली,” गोर्गोस म्हणाला, “आणि माणसासारखा माणसाशी बोल.”

कल्लिफोनने मला खाली ठेवले नाही. उलट दोन्ही हातांनी धरले. “मला उत्तर मिळालेलं नाही. उत्तर मिळेपर्यंत बोलणी संपत नाहीत. मी उभा आहे.”

“किती वेळ?”

“राजाला विचारून या. तोवर उभा आहे.”

खालून कुणीतरी खुदकन हसले. गोर्गोसने तिकडे पाहिले तसे हसू थांबले. पण दूताला ढकलायची कुणाची छाती नव्हती, आणि तो असेपर्यंत तटाकडे एक बाण सोडायची सोय नव्हती. ऊन चढले. दुपार आली आणि गेली. त्याला पाणी दिले, त्याने नको म्हटले. बसायला सांगितले, म्हणाला, दूत बसत नाही. त्याच्या हाताची थरथर माझ्यातून सापांपर्यंत पोहोचत होती. मी जड होते, मित्रांनो. गावाने काशात हात आखडला नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, त्या बायकांनी दोन बांगड्या कमी दिल्या असत्या तर बरे झाले असते.

आणि मग खालच्या बाकावरून एक टकला वल्हेकरी उठला.

“सारंग, एक विचारू का? रागावू नका. मी पण नेआपोलिसचाच आहे.”

“कुठल्या?” शेजारच्याने विचारले.

“आमच्या.”

“अरे आमच्या म्हणजे कुठल्या? आमचंही नेआपोलिसच!”

“तुमचं ते खाडीतलं ना? घाण वासाचं?”

“वास तुमच्या तोंडाला! आमच्या गावचे खारवलेले मासे राजा खातो!”

“गप्प!” गोर्गोस ओरडला. पण आता गप्प कोण बसणार? तिसरा उठला. “सारंग, आमच्या गावालाही मागं डोंगर आहे. माझी आई तटाला लागूनच राहते. हे गाव चुकीचं ठरलं तर मग पुढं आमच्याकडे जायचं का?” चौथा म्हणाला, “माझा मेहुणा डोकं फिरलेला आहे. वेस लावली असेल तर त्यानंच.”

ती कुजबुज एका जहाजावर मावली नाही. पलीकडच्या जहाजावरून हाक आली, “काय झालं हो?” इकडून उत्तर गेले, “कोणतं नेआपोलिस विचारतायत!” तिकडून ती हाक तिसऱ्या जहाजावर, तिथून चौथ्या. थोड्याच वेळात सगळ्या खाडीत एकच शब्द फिरू लागला, कोणतं? कोणतं? शेवटी मोजले तेव्हा तीस जहाजांवर नेआपोलिसचे एकेचाळीस जण निघाले. ते नऊ वेगवेगळ्या नेआपोलिसांतले होते, आणि प्रत्येकाला आपल्याच घराची काळजी लागली होती.

त्या टकल्याने आपले वल्हे पाण्यातून काढले आणि उभे धरले. म्हणजे आता तटाकडे वल्हवणार नाही. शेजारच्याने धरले. मग त्यांचे बाकसोबती, जे कुठल्याच नेआपोलिसचे नव्हते, त्यांनीही धरले. एकेक जहाजावर वल्ही वर होत गेली. तटावरून आमच्या लोकांना वाटले, खाडीत अचानक झाडे उगवली.

गोर्गोस बघत राहिला. त्याचा चेहरा लाल झाला, मग उतरला.

तेवढ्यात फिलोन खाकरला. “सारंग...”

“आता काय?”

“तुमच्या सासूबाई...”

“त्यांचं काय?”

“त्यांचंही माहेर नेआपोलिसच. तुम्हीच सांगितलं होतंत. तिथला तट त्यांच्या वडलांनी बांधला म्हणून त्या अजून...”

आधी कुणी हसले नाही. मग गोर्गोसच हसला. दाढीतून, खांद्यातून, पोटातून. “ती बाई मला घरात घ्यायची नाही,” तो म्हणाला आणि डोळे पुसत बाकावर बसला. “लिही रे फिलोन. राजाला लिही.”

“काय लिहू?”

“लिही, ‘कोणते?’ पुढं माझी मुद्रा कर.”

कल्लिफोन म्हणाला, “हे उत्तर मी गावाला नेऊ?”

“ने,” गोर्गोस म्हणाला. “आणि ते हात खाली घे आता. बघवत नाही मला.”

दहा दिवसांत राजाचे उत्तर येणे शक्य नव्हते आणि दहा दिवसांनंतर समुद्र बंद होणार होता. हे गोर्गोसला कळत होते, फिलोनला कळत होते, टकल्या वल्हेकऱ्याला तर सगळ्यात आधी कळले होते. आमची होडी किनाऱ्याकडे निघाली, तशी तीसही जहाजांवरून आरोळी उठली, “नेआपोलिस!” आणि तटावरून आमच्या गावाने उत्तर दिले, “नेआपोलिस!” कोण कुणाच्या गावाचा जयघोष करत होते कुणास ठाऊक. त्या दिवशी सगळ्यांच्याच गावांचा झाला.

धक्क्यावर कल्लिफोनच्या मुठी माझ्यावरून सुटेनात. मेलिन्नोने कोमट तेल लावून एकेक बोट सोडवले. रडत होती आणि बडबडत होती, “एवढा वेळ उभं राहायचं? घरी साधं पाण्याचं भांडं धरवत नाही!” सोसिबियोस आजोबांनी माझ्या सापांवर फुलांची माळ घातली. तो हिवाळा आला, धाडकरी उतरले, तटाभोवती फिरले, परत गेले. दाण्यांची कोठारे भरलेली होती. त्या हिवाळ्यात आमच्या गावात चौदा बाळे जन्मली.

वसंतात फिलोन सुकी अंजिरे घ्यायला धक्क्यावर उतरला, तेव्हा त्याने पुढची गंमत सांगितली. राजाच्या कचेरीतून पाच महिन्यांनी उत्तर आले होते. त्यात एवढेच लिहिले होते: ‘आधी कळवलेलेच.’ गोर्गोसने ते दोनदा वाचले, त्याची घडी केली आणि डगमगणाऱ्या मेजाच्या पायाखाली सारली. तोवर राजाला दुसरीकडे लढाई लागली होती. तटांचा विषय कुणी काढला नाही, ना आमच्या, ना त्या दुसऱ्या गावच्या, ना त्या नऊ गावांपैकी कुणाच्या.

त्याच महिन्यात ते दुसरे नेआपोलिस आमच्या दारी आले. म्हणजे एरातोन आला, हातात त्याच्या गावची काठी, मागे त्याच्या सभेची सहा म्हातारी माणसे. तो सरळ कल्लिफोनच्या घरी गेला. उंबऱ्यातच त्याने विचारले, “तुला माहीत होतं. तू त्या सकाळी आमच्या वेशीपाशीच होतास. तुझ्या गावाच्या गळ्यावर पाय होता आणि तू आमचं नाव घेतलं नाहीस. खरं ना?”

कल्लिफोनने मला हळूच भिंतीला टेकवून ठेवले. दोन पावले दूर झाला. मग म्हणाला, “छे, मला कुठलं माहीत! त्या वेळी मला काही आठवलंच नाही.”

त्याच्या तोंडून मी ऐकलेले ते एकच खोटे. एरातोनने भिंतीशी टेकलेल्या माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले, आणि दोन्ही हातांनी त्याचे वाकलेले खांदे घट्ट धरले. आतून मेलिन्नो म्हणाली, “आता मसूर करपवू नका रडून माझे. या जेवायला. पाचही पोरं बरी आहेत ना?”

दुसऱ्या दिवशी भर बाजारात एरातोनने आपल्या गावाचा ठराव वाचला: ‘आजपासून या गावचा माणूस आमच्या गावी आला, तर तो आमच्याच गावचा. त्याला घर बांधता येईल, सभेत हात वर करता येईल, देवाच्या पंगतीत बसता येईल.’ आमच्या सभेनेही जागच्या जागी तसाच ठराव केला. सगळ्यांनी हात वर केले, सोसिबियोस आजोबांनी दोन्ही केले. आणि मग त्यांनाच शंका आली.

“पण मग नावाला शेपूट कुणी लावायचं? त्यांनी की आपण?”

एरातोन म्हणाला, “कुणीच नाही, आजोबा. एकच तर गाव आहे. मधे जरा समुद्र आलाय.”

बाजारात जो आवाज उठला, तो मी अजून विसरले नाही. लोकांनी दोन्ही दूतांना खांद्यांवर घेतले. आम्ही दोन काठ्या, माणसांच्या डोक्यांवरून, उन्हात चमकत, सगळ्या गावातून फिरलो. बायका वरून जव उधळत होत्या. पिढ्यान् पिढ्या दोन्ही गावांच्या मुली इकडून तिकडे नांदायला गेल्या, आणि त्यांच्या पेट्या कधी चुकल्या तरी कुणी परत पाठवल्या नाहीत.

मित्रांनो, मला फार मोठे ज्ञान नाही. मी वितळलेल्या बांगड्यांची काठी. पण एवढे मागणे मागते. एखादे नाव रागाने तुमच्या कानावर येईल. अमक्या गावचे लोक असे, तमक्या आडनावाचे लोक तसे. तेव्हा लगेच हात उगारू नका. एकदा विचारा: कोणते? कुठले? कुणी पाहिले? आणि उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. तेवढ्या वेळात गावे वाचतात.